खुराड्यावरून शनीच्या चंद्राकडे

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसातली नव्हे, टीव्हीची. सहा फुटी, ॲल्युमिनियमच्या जाळीची. माझ्या अंगावर गंज फारसा नाही, पण पोटात राग भरपूर आहे. आणि रागाला गंज चढत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म इंदापुरात, कुंडलिक मिस्त्रींच्या दुकानात झाला. त्यांनी मला पणदऱ्याला आणून शकुबाईंच्या गच्चीवर लोखंडी स्टँडवर बसवले. काय माझा थाट होता! अर्धे गाव माझ्या जिवावर टीव्ही बघे. वारा अनुकूल असला की शेजारच्या सांगवी गावातली भांडणेसुद्धा मी पकडत असे. खोटे वाटत असेल तर सांगवीकरांना विचारा. शकुबाईंची नात श्रेया माझ्याच सावलीत अभ्यासाला बसायची. "आभाळातनं चित्र खाली कसं येतं?" असे विचारून तिने कुंडलिकआबांचे डोके खाल्ले होते.

मग लहान डिश आली, मागोमाग मोबाईल आले. शकुबाईंचा मुलगा विजयसिंह, म्हणजे श्रेयाचा चुलता, गावातला पुढारी. त्याने एके दिवशी मला खाली ओढले. माझे स्टँड चौकात नेऊन त्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढवला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी घातली. "ऱ्हाऊ दे तितंच. मांजर तरी शिरायचं न्हाय."

नऊ वर्षे, मित्रांनो! नऊ वर्षे कोंबड्या माझ्या पाठीवर बसल्या, आणि कोंबडी नुसतीच बसत नाही. मी शपथ घेतली, हे सगळे विजयसिंहाच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरवीन तेव्हाच थांबेन.

यंदा तो दिवस उगवला. श्रेया आता शास्त्रज्ञ झाली होती. तिच्या मंडळींचे यान दुपारी शनीच्या एका चंद्रावर उतरणार होते आणि टीव्हीवर तिलाही दाखवणार होते. चार वर्षांत पोरगी घरी आली नव्हती. शकुबाई सकाळपासून एकच म्हणत होत्या, "यान पडलं-बिडलं तर एकटीच रडंल तिकडं. मला नुसतं तिचं त्वांड दिसू दे."

विजयसिंहाने चौकात नवा फ्लेक्स लावला, माझ्याच स्टँडवर. त्यात श्रेया पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि तो स्वतः दाराएवढा. अंगणात मोठा पडदा बांधला. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून ऐनवेळी जेसीबी लावून बांध सपाट केला, आणि जेसीबीने बांधातली इंटरनेटची केबलच उपसून काढली. पडदा काळा, मोबाईल मुके. गावातल्या लहान डिशांवर सिनेमे होते, पण यान दाखवणारे चॅनेल नव्हते.

शकुबाई तो काळा पडदाच पदराने पुसू लागल्या. तेव्हा पाहुण्यांतून कुंडलिकआबा उठले. "ते चॅनेल जुन्या छत्रीवर येतं की! डबा, वायर समदं हाय माझ्या गाडीत. पर स्टँड कुठं हाय?"

"स्टँडवर विजूदादा हायती, चौकात," शेजारचा सोपान म्हणाला.

"फ्लेक्स उतरवायचा न्हाय!" विजयसिंह कडाडला. "हातानं धरा छत्री."

मला गच्चीवर नेले. सोपानने धरले.

"आलं का?"

"न्हाय! मुंग्या!"

मग त्याच्या मित्राने, लखनने धरले. पुन्हा मुंग्या. मी मुद्दाम अंग चोरत होते.

"सरका, मी दावतो," म्हणत विजयसिंहाने मला मागून कवटाळले, आणि मी आरशासारखे चित्र सोडले.

"आलं! हलू नका, विजूदादा!"

"किती वेळ?"

"तितला सांगावा हितं यायला सव्वा तास लागतो," कुंडलिकआबा म्हणाले. "उतरलं का आपटलं, ते तिकडं आत्ताच झालंय. सांगावा वाटंत हाय."

सव्वा तास! पडद्याकडे पाठ, डोक्यावर ऊन. घामाने माझ्या पाठीवरची नऊ वर्षे भिजली आणि त्याच्या कॉलरमधून आत उतरू लागली. त्यातच लाल कोंबडी सवयीने येऊन माझ्या काठावर बसली.

"आये, हाकल तिला!"

"हाकलली तर छत्री हलंल," शकुबाई खालून म्हणाल्या. "बसू दे. तिची रोजची जागा हाय ती."

सांगाव्याची वेळ जवळ आली. वाटले, आत्ताच मुंग्या सोडाव्यात. सगळ्या गावासमोर याचे नाक कापले जाईल. मग खाली शकुबाईंचे जोडलेले हात दिसले. मी खुराड्यावर असतानाही दर दिवाळीला त्याच हातांनी निदान माझा काठ तरी ओल्या फडक्याने पुसला होता. माझे वैर त्यांच्याशी नव्हते. मी श्वास रोखून धरला.

"उतरलं!" अंगण ओरडले. पडद्यावर श्रेया रडता रडता हसत होती. शकुबाईंनी पडद्यावरूनच तिची अलाबला घेतली, कडाकडा बोटे मोडली.

"काय झालं? उतरलं का? आरं, सांगा की कुनीतरी!" वरून विजयसिंह विचारत होता. कुणालाही ऐकू गेले नाही.

दुसऱ्याच दिवशी शकुबाईंनी माझे स्टँड गच्चीवर आणवले. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. जपणे जमत नसेल तर निदान त्यांचे पाय तरी काढून नेऊ नका; त्यांच्या सगळे लक्षात राहते. आणि हो, उतरवलेला फ्लेक्स शकुबाईंनी वाया घालवला नाही. तो आता खुराड्यावर आहे. विजयसिंह त्यावर हात जोडून हसतो आहे, आणि लाल कोंबडीने नेमके त्याचे कपाळ निवडले आहे.