अमोस टिलमनचा संदेश-दिवा

मित्रांनो, मी युद्धनौकेवरचा एक जुना पितळी संदेश-दिवा आहे. माझ्या झडपांची उघडझाप करून एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निरोप पाठवत. आता मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या संग्रहालयात असतो. माझ्यामागच्या भिंतीवरचा फलक आज सकाळी उतरवला, तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

त्या फलकावर अमोस टिलमनचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धात अमोस आमच्या अमेरिकी जहाजावर भांडी घासायचा. काळ्या माणसाला तेव्हा स्वयंपाकघराबाहेर काम मिळत नसे. पण तो लांबून माझी उघडझाप बघत बघत सगळ्या खुणा शिकला. अधिकारी हसले. दोन वर्षांनी त्यांनीच त्याला माझ्यापाशी उभं केलं. हे काम करणारा आमच्या जहाजावरचा तो पहिला काळा खलाशी.

मग एका दुपारी विरळ धुक्यात आमच्यावर बॉम्ब पडला. वायरलेस बंद पडला, डेक पेटला. मी इतका तापलो होतो, की अमोसच्या तळहाताची कातडी माझ्या मुठीला चिकटत होती. तरी तीन तास तो एकच निरोप पाठवत राहिला : "बोटी पाठवा." चौऱ्याऐंशी माणसं वाचली. त्याला पदक मिळायला मात्र चाळीस वर्षं लागली. तोवर त्याची बोटं कायमची आखडली होती.

आज दुपारी दोघं खोकं घेऊन आले. नागपूरहून शिकायला आलेली दीक्षा इथे पार्टटाइम काम करते. राजीवकाका तिचे वरिष्ठ.

"वरून ईमेल आलीय. काळ्यांच्या इतिहासाचे सगळे पॅनल रिमूव्ह, दिवा तळघरात," काका खाली बघत म्हणाले.

दीक्षाने खोक्यावरची चिठ्ठी वाचली. "काका, 'जुना दिवा, वापरणारा अज्ञात'? अज्ञात कसा? त्यांची नात दर वर्षी येते इथे!"

"फॉर्मवर सही कर आणि मोकळी हो. उगाच जॉब जाईल."

"आमच्या दलित माणसांची नावंही अशीच गाळली गेली, काका. मी नाही सही करणार."

तिने 'अज्ञात' खोडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं : अमोस टिलमन. काकांनी तिचं ओळखपत्र मागून घेतलं. म्हणजे तिची नोकरी गेली. मग फॉर्मवर सही त्यांनीच केली; खोक्यावरचं नाव मात्र खोडलं नाही.

झाकण आता खाली येतं आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण कधी तळघरात आलात, तर खोक्यावरचं नाव मोठ्याने वाचा. तोवर ते कोणी खोडलं नसेल, तर.