क्लचबाईंची पायवाट

त्या उपनगरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला एकाच बाईंनी शिकवलं होतं. "क्लच हळू सोड, साप नाहीये तो!" असं त्या इतक्यांदा ओरडल्या, की त्यांचं नावच क्लचबाई पडलं. बत्तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी माणसं तयार केली. तिथे गाडीवाचून पान हलत नसे. दुकान, शाळा, दवाखाना, सगळं लांब. पायी चालणारा दिसला तर याची गाडी बिघडली असणार, असंच लोक समजत.

त्यामुळे नव्या रेल्वे स्टेशनभोवती दुमजली पार्किंग हवं, अशी मागणी घेऊन त्यांचे थोरले भाऊ, दादा, रहिवासी संघातर्फे पुढे झाले, तेव्हा पहिली सही क्लचबाईंचीच होती. पालिकेची तरुण नगररचनाकार मात्र भलताच नकाशा घेऊन आली: स्टेशनलगत घरं, खाली दुकानं, आणि चहूबाजूंनी रुंद पदपथ. भर सभेत क्लचबाई खो खो हसल्या. "अगं पोरी, इथे कुत्रंसुद्धा गाडीतून फिरायला जातं!"

दोनच महिन्यांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. मधली अक्षरं दिसेचनात. डॉक्टर म्हणाले, "गाडी बंद. आजपासून."

आठवडाभर दादांनी त्यांना नेलं-आणलं. "कुठे सोडू?" हा प्रश्न ऐकला की आपण माणूस नसून गाठोडं आहोत, असं त्यांना वाटे. एका सकाळी त्या एकट्याच औषध आणायला निघाल्या. दुकानाची हिरवी पाटी गच्चीतून दिसायची, पण मध्ये सहा पदरी रस्ता. तो ओलांडायला पूल नाही, सिग्नल नाही. वळसा घालून, गटाराच्या कडेकडेने पाऊण तास लागला. मागून गाडीचा हॉर्न जोरात वाजला. "आजी, मरायचंय का?"

आवाज ओळखीचा होता. "हॉर्न कमी, ब्रेक जास्त, हे तुला मीच शिकवलं होतं ना रे?"

काच गुपचूप वर गेली.

बाई तिथून थेट पालिकेत गेल्या. "तेव्हा हसले, चुकलं माझं. आता नीट समजावून सांग."

नगररचनाकार मुलीने त्यांचं बोट धरून आपल्या नकाशावरून फिरवलं. "तुमच्या दारातून स्टेशन, सात मिनिटं. वाटेत औषधाचं दुकान."

"आणि आज?"

"आज तिथे पायी पोचताच येत नाही."

बाई आता पदपथांच्या बाजूने आहेत, हे दादांना कळलं तेव्हा ते खवळले. "लोक काय म्हणतील? सख्खी बहीण उलटली!"

"उलटले नाही, दादा. खाली उतरले. गाडीतून दिसत नव्हतं ते आता दिसतंय."

शनिवारी सकाळी बाईंनी शिकवणीचे केशरी शंकू काढले आणि रस्त्याची एक कड थेट स्टेशनपर्यंत अडवली. मग आतून ताठ मानेने चालू लागल्या. मागे गाड्यांची रांग लागली. पोलीस आला, तोही त्यांचाच विद्यार्थी, दोनदा नापास झालेला. "बाई, हे उचला."

"उचलणार नाही. हात लाव, बघतेच."

तो घुटमळला. तेवढ्यात एक बाळंतीण बाबागाडी ढकलत शंकूंच्या आत आली. मागोमाग काठी टेकत एक आजोबा आणि त्यांची सून. दुपारपर्यंत साठेक माणसं चालत होती. पोलिसाने शेवटी टोपी काढली, घाम पुसला आणि गाड्यांना दुसऱ्या कडेने वळवू लागला.

पालिकेतल्या अंतिम सुनावणीला दादा बोलले, "या सगळ्यांना गाडी शिकवलीस ती तूच!"

"हो, मीच! मग डोळे गेले की घरात सडा, हेही मीच शिकवू का? माझा परवाना गेलाय, पाय गेलेले नाहीत. आणि म्हातारपण काय फक्त मलाच येणार आहे?"

सभागृहात कोणी हसलं नाही.

रहिवाशांचं मतदान झालं. पार्किंग एकमजली झालं, उरलेल्या जागेत घरं आणि दुकानं आली. सिग्नल मिळाला, पदपथ मात्र एकाच बाजूला. दादांनी विरोधातच मत दिलं आणि महिनाभर अबोला धरला. मग गुडघे दुखायला लागले तसे एक दिवस न बोलता बहिणीबरोबर स्टेशनपर्यंत चालून आले.

बाईंनी दुसऱ्या बाजूच्या पदपथासाठी अर्ज दिलाय. तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्या चालतच पालिकेत गेल्या, आणि साहेब भेटेपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत.