कालपेक्षा बरं

परदेशातल्या एका मोठ्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या शेजारी दुभाष्यांची खोली होती. डॉक्टर बोलणार इंग्रजीत, रुग्ण बोलणार आपापल्या भाषेत, आणि दोघांच्या मधे ह्या खोलीतलं कुणीतरी उभं राहणार. मराठीचं काम ज्याच्याकडे होतं तो तिथला सगळ्यांत जुना. नव्या लोकांना तोच तयार करायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

मास्तरचा जीव शब्दांच्या जोड्यांवर. एकसारख्या दिसणाऱ्या, सख्ख्या बहिणींसारख्या वाटणाऱ्या आणि ऐन वेळी दगा देणाऱ्या जोड्या. नवा माणूस आला की आधी तो ह्या जोड्यांत घोळून निघायचा. 'लेटर' म्हणजे नंतर आणि 'लॅटर' म्हणजे दोघांतला दुसरा. डॉक्टर म्हणाले दोन गोळ्यांतली दुसरी बंद करा आणि तुम्ही सांगितलंत नंतर बंद करा, तर निस्तरणार कोण? 'एल्डर' हे घरातलं नातं, 'ओल्डर' हे नुसतं वय. 'फार्दर' रस्त्यासाठी, 'फर्दर' पुढच्या कशासाठीही. मोजता येतात त्या गोळ्या 'फ्यूअर' होतात, मोजता न येणारी वेदना 'लेस' होते. आणि सगळ्यांत शेवटी, खुर्ची जरा पुढे ओढून, तो 'बेटर'वर यायचा.

"आपल्या मराठीत बऱ्याला शेपूट लागत नाही," तो सांगायचा. "आपण 'पेक्षा' लावतो आणि मग कशापेक्षा ते सांगावंच लागतं. इंग्रजीत नुसतं 'बेटर' म्हणून मोकळं होता येतं. कशापेक्षा, ते तुम्ही विचारायचं. बेटर म्हणजे बरं नव्हे. कालपेक्षा बरं, एवढंच."

त्याच्या हाताखाली तयार झालेली शेवटची मुलगी अंगानं लहानखुरी आणि बोलायला भरभर. खोलीत तिला चिमणी म्हणत. ती मास्तरचं बोलणं तोंडात बोट घालून ऐकायची. शंका आली की थांब, हे त्यानं तिला इतक्यांदा बजावलं होतं की ती कधीकधी नको तिथेही थांबायची आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायचे.

त्या वर्षी मास्तरच्या आईला ह्याच दवाखान्यात आणलं. पोटाचं दुखणं, उशिरा कळलेलं. मास्तरचे वडील, ज्यांना घरात अण्णा म्हणत, म्हातारपणी मुलाकडे राहायला आलेले. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. दवाखान्याचा नियम असा की दुभाष्यानं स्वतःच्या माणसांसाठी दुभाषेपण करायचं नाही. आतड्याचा माणूस शब्द वाकवतो. नियम मास्तरला तोंडपाठ होता, तोच इतरांना सांगायचा. त्यामुळे आईच्या खाटेशी चिमणी आली आणि मास्तर भिंतीला टेकून नुसता मुलगा म्हणून उभा राहिला.

पहिले काही दिवस तपासण्यांत गेले. अण्णा खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे आणि डॉक्टर आले की धडपडत उठायचे. चिमणी नीट सांगायची. मास्तरला तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि स्वतःच्या शिकवणुकीचा थोडा अभिमानही वाटत होता.

मास्तरची बहीण, ताई, दूरच्या शहरात एका पॅकिंगच्या कारखान्यात पाळीवर देखरेख करायची. हंगाम जोरात होता. रजा मिळेल ती एकदाच, असं तिला वरून स्पष्ट सांगितलेलं. ती रोज फोनवर अण्णांना एकच विचारायची, आत्ता येऊ की आईला घरी आणल्यावर येऊ? अण्णा म्हणायचे, डॉक्टर काय म्हणतात ते बघू.

मग एका दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. आईचं कण्हणं सकाळपासून थांबलं होतं. नवीन औषधाची नळी हाताला लावल्यापासून ती शांत पडून होती, चेहरा सैल झालेला. अण्णा तिच्याकडे बघून आशेला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, शी इज मोअर कम्फर्टेबल नाऊ, वी वोन्ट डू एनिथिंग फर्दर.

मास्तरला ऐकताक्षणी कळलं. ह्या दवाखान्यात ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली की त्यांचा अर्थ एकच असतो. दुखणं दाबलंय, आजार आहे तिथेच आहे, आता आणखी उपचार नाहीत, जवळच्यांना बोलावून घ्या. असल्या खोल्यांत तो आयुष्यभर उभा राहिला होता.

चिमणी अण्णांकडे वळली. म्हणाली, "आजींना आता जास्त बरं वाटतंय. यापुढे आणखी काही करायची गरज नाही."

आणि ती थबकली. काहीतरी तिचं तिलाच खटकलं असावं. तिनं मास्तरकडे पाहिलं. त्याच वेळी डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. घरातला हा एक इंग्रजी जाणणारा, त्याला कळलं ना, एवढंच त्यांना हवं होतं.

मास्तरनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात जोडले होते आणि ते हसत होते. कित्येक दिवसांत त्या तोंडावर हसू आलं नव्हतं. तोंडाचं बोळकं उघडं, डोळ्यांत पाणी. आत्ता सांगायचं म्हणजे ते हसू आपल्या हातानं पुसायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर सांगू, जेवून झाल्यावर, शांतपणे, असं त्याच्या मनात आलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

अण्णांनी तिथूनच ताईला फोन लावला. आईला जास्त बरं आहे, आता काही करावं लागणार नाही म्हणाल्या, असं त्यांनी ओरडून सांगितलं. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे. तू आत्ता येऊ नकोस, घरी आणल्यावर ये, तेव्हा हाताखाली माणूस लागेल. मास्तर शेजारी उभा राहून ऐकत होता. फोन मागून घ्यायला हात लांब करायचाच काय तो अवकाश होता.

संध्याकाळी अण्णा दोन घास जास्त जेवले आणि लगेच झोपले. मास्तर म्हणाला, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी अण्णा आईसाठी मऊ चपला घेऊन आले, घरात घालायला. त्या दिवशीही त्याची जीभ रेटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. ताई पोचली तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती.

ताई रडली नाही. तिनं अण्णांना समोर बसवलं आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या होत्या ते विचारलं. अण्णांनी चिमणीची वाक्यं शब्दाला शब्द म्हणून दाखवली. ताईचं इंग्रजी कारखान्यापुरतं का होईना, चालणारं होतं. ती सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं, तुमची दुभाषी तिथे होती. मग ताई मास्तरकडे वळली. तू कुठे होतास, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, होतो, पण आईकडे बघत होतो, डॉक्टरांकडे लक्ष नव्हतं.

एकदा सांगितलेलं खोटं मग सोयीचं झालं. ताईनं तक्रार केली. दुभाष्यांच्या विभागप्रमुख बाईंनी मास्तरला खोलीत बोलावून तेच विचारलं, आणि त्यानं तेच सांगितलं. चिमणी टेबलाच्या पलीकडे बसली होती. मास्तरनं मान हलवल्याचं तिनं सांगितलं असतं, तर त्यावर कितपत विश्वास बसला असता कोण जाणे. पण तिनं ते सांगितलंच नाही. चूक झाली, एवढंच म्हणाली. आठवड्याभरात तिचं काम गेलं.

जायच्या दिवशी ती कपाट रिकामं करत होती. मास्तर तिथे आला आणि परत फिरावं की काय अशा विचारात दारातच थांबला. तिनं आवराआवर थांबवली नाही.

"सर, शंका आली की थांबायचं, असं तुम्ही शिकवलं होतं. मी थांबले होते. तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मान हलवलीत. म्हणून मला वाटलं, बरोबर आहे."

मास्तर म्हणाला, त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती म्हणाली, असेल. पिशवी खांद्याला अडकवून ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

ताईचा राग मात्र निवळला. दोष कुणाचा ते ठरलं होतं, त्यामुळे भावावर माया करायला ती मोकळी झाली. ती दर रविवारी फोन करायची, नीट जेव, अण्णांना जप, स्वतःला दोष देऊ नकोस, असं सांगायची. ते ऐकताना मास्तर फोन कानापासून जरा दूर धरायचा. अण्णा तर चिमणीला रोज शिव्या घालायचे. असल्या पोरींना ठेवतात कशाला, तूच शिकवलीस ना रे तिला, असं विचारायचे. मास्तर म्हणायचा, होतं कधीकधी.

मग अण्णांनी एक गोष्ट ठरवली. आपल्याला इंग्रजी आलं असतं तर पोरीला बोलावून घेतलं असतं, हे त्यांच्या मनानं घेतलं. वाचनालयात म्हाताऱ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग चालायचा. अण्णा चष्मा, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घेऊन तिथे जाऊ लागले. मुलाला विचारायचे नाहीत. मला माझं कळलं पाहिजे, म्हणायचे. मास्तरला आधी बरं वाटलं. घर जरा वेळ रिकामं मिळायचं.

पानगळ संपता संपता एका दुपारी अण्णा वर्गावरून आले आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसले. मास्तर भाजी चिरत होता. अण्णा म्हणाले, आज बाईंनी 'मोअर'वाले शब्द शिकवले. एखाद्याला 'मोअर कम्फर्टेबल' म्हटलं म्हणजे तो सुखात आहे असं नाही. आधी जास्त त्रास होता, आता कमी आहे, एवढंच. आमच्यातला एकजण तर म्हणाला, दवाखान्यात असं म्हणाले की काय ते समजावं.

मास्तरची सुरी थांबली.

"त्या दिवशी डॉक्टरीणबाई हेच म्हणाल्या होत्या ना?" अण्णांनी विचारलं. "तो शब्द माझ्या कानात राहिलाय. कम्फर्टेबल."

मास्तरनं चिरलेली भाजी ताटलीत सारली.

"तू आईकडे बघत नव्हतास," अण्णा म्हणाले. "तू माझ्याकडे बघत होतास. मी हात जोडले होते, आणि तू माझ्याकडे बघत होतास."

आता तरी बोलावं म्हणून मास्तरनं तोंड उघडलं. तुम्ही हसत होतात, असं काहीसं तो म्हणाला. अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी टेबलाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला.

"माझ्या हसण्यासाठी पोरीला आईचं तोंड बघू दिलं नाहीस," ते म्हणाले. "आणि मी त्या दुसऱ्या पोरीला रोज शिव्या घातल्या. तू ऐकत बसलास."

त्याच आठवड्यात ते ताईकडे राहायला गेले. मास्तर स्टेशनवर सोडायला गेला. गाडी सुटायच्या आधी अण्णांनी त्याला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले. "मीही सांगणार नाही. आई गेली, निदान भाऊ तरी राहू दे तिला."

दुसऱ्या दिवशी मास्तर विभागप्रमुख बाईंकडे गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाईंनी मधे अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी उठून दार लावलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की प्रकरण केव्हाच मिटलंय. ती मुलगी कुठेतरी कपड्यांच्या दुकानात लागलीय असं कानावर आलंय. ते आता उकरून काढायचं तर मराठीला माणूस कोण उरणार? तुम्ही दुःखात होतात, कुणाचंही झालं असतं. घरी जाऊन विचार करा आणि तरीही वाटलं तर उद्या लिहून द्या.

मास्तर बाहेर आला. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. सांगितल्यामुळे नव्हे, त्यांनी ते मनावर घेतलं नाही म्हणून. त्याला स्वतःची किळस आली, तरी ते हलकं वाटणं काही गेलं नाही. खोलीत फोन वाजत होता. दुसऱ्या मजल्यावर एका बाईंना मराठी माणूस हवा होता. तो वर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं काही लिहून दिलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.