टाकीसाठी निवडलेले पाणी

‘शहरास पुरवण्यात येणारे पाणी पिण्यासह सर्व घरगुती वापरांसाठी पूर्णतः सुरक्षित असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ पाणीपुरवठा खात्याचे हे निवेदन उन्हाळ्याच्या तोंडाशी नेमाने प्रसिद्ध होत असे. आता हे वाक्य जरा उजेडात धरून पाहावे. ‘पुरवण्यात येणारे’ म्हणजे शुद्धीकरण केंद्राच्या दारातून बाहेर पडणारे. त्या दारात ओंजळ धरून कोणी पीत नाही. एखाद्या घरातला नमुना घेणे अगदीच गळ्याशी आले, तर नळ आधी बराच वेळ धो धो सोडून ठेवावा, अशी खात्याची रीत होती. रात्रभर जुन्या नळांत मुरलेले पाणी अशा रीतीने मोरीत जाई आणि बाटलीत उतरे ते केंद्राच्या दाराशी होते तसेच निर्मळ. ‘पूर्णतः’ हा शब्द प्रयोगशाळेतला नव्हे, जनसंपर्क विभागाचा. राहता राहिल्या अफवा. पांढऱ्या बादलीच्या तळाशी नागरिकांना जे निळसर डाग स्वतःच्या डोळ्यांनी दिसत, त्यांचे हे सरकारी नाव.

निवेदनाखाली सही असे ती खात्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञांची. खात्यात त्यांना नुसते साहेब म्हणत. साहेब खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. खरे कुठवर बोलायचे याची त्यांना उत्तम जाण होती, इतकेच.

घरी दिवाणखान्यात त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती. नारिंगी मासे, लाल पट्ट्यांच्या कोळंब्या, काचेवरचे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि प्रवाळांचे दोन झुबके. टाकी आणली तेव्हा साहेबांनी पाण्याची निवड जितक्या कसोशीने केली, तितक्या कसोशीने लोक जावई निवडत नाहीत. बंदराजवळचे समुद्राचे पाणी त्यांनी तेलाच्या तवंगामुळे बाद केले आणि गच्चीवरून उतरणारे पावसाचे पाणी कबुतरांमुळे. मग पाळी आली स्वयंपाकघरातल्या नळाची. नमुना त्यांनी भल्या सकाळी, नळ मुळीच वाहू न देता, पहिल्या धारेचा घेतला. अशी चाचणी कशी करतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. खात्यात ती होऊ नये याची काळजी तेच घेत आले होते. इमारतीचे नळ तांब्याचे, सांध्यांना शिशाचा जुना डाख. पाण्यात तांबे भरपूर निघाले. कोळंबीला ते मारक. आणि शिसे निघाले ते माणसाच्या पिण्याच्या मर्यादेच्याही वर. साहेबांनी नळ नापास केला आणि मागच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीआड, उत्तमातला फिल्टर बसवला. थेंब थेंब गळणारे ते पाणी झाकणाच्या पिंपात साठे. त्यात मोजून मीठ विरघळे. मगच ते टाकीत जाई.

स्वयंपाकघरात फिल्टर नव्हता. खात्यातल्या कोणाच्याही स्वयंपाकघरात नसे. हा लेखी नियम नव्हता, त्याहून कडक होता. एका कनिष्ठ अभियंत्याच्या ओट्यावर फिल्टर असल्याचे कानोकानी झाले, तेव्हापासून सारे कार्यालय त्याला ‘गाळीव रत्न’ म्हणू लागले. ‘काय रत्न, आमचं पाणी घशाखाली उतरत नाही वाटतं?’ त्या वेळी सगळ्यांत मोठ्याने साहेबच हसले होते.

हिवाळा सरता सरता लेक तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी राहायला आली. अंगावरचे दूध पुरेना, म्हणून वरचे पावडरीचे दूध सुरू झाले. रोज सकाळी ती नळाचे पाणी उकळून, निववून बाटलीसाठी झाकून ठेवी. उकळल्याने जंतू मरतात. शिसे मरत नाही, उलट पाणी आटते आणि ते थोडे दाट होते. हे साहेबांना माहीत होते. वर्तमानपत्राच्या आडून ते रोज ते पातेले पाहत आणि पान उलटत. उद्या सांगू, असे त्यांनी स्वतःला अनेकदा सांगितले. पण सांगायचे म्हणजे ‘आजवर का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न आलाच. आणि उद्याच्या पाठीवर उद्या जात राहिला.

एका दुपारी साहेब कार्यालयात असताना लेकीच्या लक्षात आले की टाकीतले पाणी खाली गेले आहे. वाफ होऊन पाणी तेवढे उडते, मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे तिने लहानपणापासून ऐकले होते. बाल्कनीतले पिंप रिकामे. तिने घरातले सर्वांत जपलेले पाणी घेतले आणि टाकी काठोकाठ भरली.

संध्याकाळी साहेब आले, तेव्हा कोळंब्या वाळूवर आडव्या झाल्या होत्या, गोगलगायी काचेवरून सुटून पडल्या होत्या, प्रवाळ मिटले होते. मासे मात्र मजेत पोहत होते.

“कोणी हात लावला टाकीला?”

“मीच भर घातली, बाबा. खूप खाली गेलं होतं.”

“कुठलं? नळाचं? अगं, अक्कल गहाण टाकलीस का? विष आहे ते विष!”

लेकीच्या खांद्यावर बाळ पेंगत होते. तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

“बाळाचं होतं,” ती म्हणाली. “बाटलीसाठी उकळून ठेवलेलं.”

साहेबांनी तोंड उघडले. कोळंबीसारख्या जिवांना तांबे जितके बाधते तितके माणसाला बाधत नाही, दोघांच्या मर्यादा वेगळ्या, असे ते समजावू लागले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. एरवी असल्या खरेपणावर त्यांची आख्खी नोकरी उभी होती.

बायको भाजी चिरता चिरता दारात येऊन उभी राहिली. “अहो, तांब्याचं झालं सांगून. आणखी काय आहे त्यात?”

“आणखी म्हणजे?”

“म्हणजे तुमचे कान लाल झालेत. लग्नाआधी नोकरी गेलेली लपवलीत, तेव्हाही असेच झाले होते.”

“शिसं,” साहेब म्हणाले.

“किती?”

“मर्यादेपेक्षा जास्त.”

“आणि हे तुम्हाला आज कळलं?”

साहेबांनी टाकीकडे पाहिले. त्यांची दुसरीकडे कुठे पाहण्याची छाती होईना.

“म्हणजे माशांना गाळलेलं,” बायको सावकाश म्हणाली, “आणि आम्हाला सही केलेलं. मी मेली इतकी वर्षं त्याच नळावर वरणभात शिजवतेय. जाऊ दे माझं. पण हे पोर, अहो? समोर बसून पाहत होतात ना तुम्ही?”

साहेबांची मान खाली गेली, ती वर येईना. शरम म्हणजे रागाने पेटणे नव्हे. आपल्याच घरात आपले हात कुठे ठेवावेत हे न सुचणे, हे त्यांना त्या क्षणी उभ्या उभ्या उमगले.

लेक रडली नाही, ओरडलीही नाही. तिने बाळाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, नळाच्या पाण्यात शिसे असल्याचे सांगितले, आवाज मोठा केला आणि फोन वडिलांसमोर धरला. “मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही सांगा, बाबा. सगळं. तुम्ही कोण ते धरून.”

“पाण्याबद्दल तुमची लेक म्हणते, त्याची तुम्हाला शंका आहे की खात्री?” पलीकडून बाईंनी विचारले. “आणि खात्री असेल तर केव्हापासून? रक्ताची तपासणी कोणती करायची ते त्यावर ठरेल. सावकाश सांगा, मी लिहून घेते.”

साहेबांनी घसा साफ केला. बायकोने सुरी खाली ठेवली. बाईंनी लिहून घेतले ते शब्दशः असे :

“मी पाणीपुरवठा खात्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ. पाणी सुरक्षित आहे या निवेदनावर माझी सही असते. आमच्या नळाला शिसं येतं हे मला टाकी आणली तेव्हापासून माहीत आहे, मी स्वतः तपासलंय. माशांसाठी मी फिल्टर बसवला. स्वयंपाकघरात नाही बसवला, कारण ऑफिसात लोक हसले असते. नातू ते पाणी पितोय हे मी रोज पाहत होतो आणि गप्प बसलो.”