लंगड्या कावळ्याची शाळा

कावळ्याचा एक पाय वाकडाच होता. बटाट्यावर शिक्का कोरताना चाकू घसरला होता, आणि अपूर्वा म्हणाली होती, राहू दे आई, आपल्या शाळेचा कावळा लंगडाच — आणि तोच निळ्या शाईतला कावळा आज, वर्षभराने, ग्रंथपाल मुरलीधरजींच्या टेबलावरच्या जुन्या फॉर्मवरून, 'विद्यालय की मोहर' लिहिलेल्या चौकोनातून, उत्तराकडे टुकुटुकु बघत होता. त्याच्या खाली 'प्रधानाचार्य के हस्ताक्षर', आणि तिथे उत्तराची ठसठशीत सही. शाळेच्या नावासमोर सरकारी क्वार्टरचा नंबर.

बघू देत की! सही करताना भीती वाटली नव्हती, मग आज कशाला वाटेल? खोटं काय होतं त्यात? यतीनची केंद्र सरकारची नोकरी, चार वर्षांत तीन बदल्या, आणि इथे दिल्लीत तिसऱ्या शाळेत नवऱ्याच्या त्या बदल्यांचं सगळं ओझं लेकीच्या जिभेवर येऊन बसलेलं… घरी अखंड चिवचिव, वर्गात सहा महिने चकार शब्द नाही. शेवटी उत्तरानेच शाळेतून दाखला काढून आणला आणि तिला घरीच शिकवायला घेतलं. पुण्याहून सासऱ्यांचा, अण्णासाहेबांचा फोन आला, "पोरीच्या आयुष्याशी खेळतेयस तू." ती म्हणाली होती, "अण्णा, मला एक वर्ष द्या." ते वर्ष परवाच संपलं होतं. आज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा होता.

गेल्या वेळी काउंटरवर कुणी बदली माणूस होता, त्याने फॉर्म न बघताच फाइलला लावला; आता कार्डाची मुदत संपली होती. वाचनालयात मुलांचं कार्ड शाळेच्या सहीशिक्क्याशिवाय मिळत नाही, आणि कार्डाशिवाय ही खोली नाही, ही पुस्तकं नाहीत — आणि हे गेलं, तर मी अण्णांना कुठल्या तोंडाने सांगणार, की चाललंय छान? घरात डायनिंग टेबलाशी नुसत्या आम्ही दोघी, एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या…

"मॅडम, ये कौन-सा स्कूल है?" मुरलीधरजींनी कावळ्यावर बोट ठेवलं.

उत्तराने उत्तर तयार ठेवलं होतं, मुद्देसूद, तीन वाक्यांचं. पण कपाटाशी परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली घेऊन उभी असलेली अपूर्वा आधीच बोलून गेली.

"हमारा. कौआ मैंने बनाया है."

"अच्छा! और पढ़ाता कौन है, बेटा?"

उत्तरा नकळत ताठ बसली. या प्रश्नाचं उत्तर तर तिच्या हक्काचं होतं.

"मंडे से वेनस्डे आई," अपूर्वा म्हणाली. "थर्सडे को आप. डेसिमल तो आपने ही सिखाया ना."

म्हणजे काय! तीन आठवडे घसा कुणी कोरडा केला? पोळ्या लाटता लाटता, ओट्यावर पिठात बोटाने टिंबं काढून… शेवटी अपूर्वा रडली होती, आणि खरं सांगायचं तर उत्तराही, बाथरूममध्ये नळ सोडून. मग एका गुरुवारी या माणसाने पोरीला ट्रॉली दिली, पुस्तकांच्या पाठीवरचे दशांशातले नंबर दाखवले, आणि गेला चहा प्यायला. तासाभरात तिला कळलं होतं. उत्तराला ते आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. फक्त घरी जाऊन शाळेच्या नोंदवहीत लिहिताना तिने ते स्वतःच्या नावावर टाकलं होतं. आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषा? त्या तरी कुठे तिच्या? परीक्षेच्या अभ्यासाला मुनिरक्याहून येणाऱ्या त्या मुलीने समजावल्या होत्या, स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवून.

तिला हेवा वाटला. चक्क हेवा, तोही चष्मा पुसत बसलेल्या या म्हाताऱ्याचा.

"मैंने तो कुछ नहीं सिखाया," मुरलीधरजी पुटपुटले, आणि चष्मा पुसतच राहिले. मग म्हणाले, "कमेटी से पूछना पड़ेगा, मॅडम. ऐसा नियम तो है नहीं." पण त्यांनी जुना फॉर्म बाजूला सारला नाही, त्याच्यावर एक कोरा फॉर्म ठेवला आणि दोन्ही तिच्यापुढे सरकवले. "आप भर दीजिए. साथ में मैं भी कुछ लिख दूँगा."

उत्तराने झरझर नाव लिहिलं, वय लिहिलं, क्वार्टरचा नंबर लिहिला. सहीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. भीतीने नव्हे, छे! कमिटी नाही म्हणाली तर ती भांडेल, त्यात काय. पण गेल्या वर्षी इथे सही करून ती जी ताठ उठली होती ती वर्षभर तशीच होती, झोपेतसुद्धा, आणि हे तिला आत्ता कळत होतं, मान दुखायला लागल्यावर.

मागे ट्रॉलीचं चाक कुरकुरलं. "फाइव्ह ट्वेंटी थ्री पॉइंट फोर… पॉइंट फोर वन…" अपूर्वा मोठ्याने म्हणत होती, एवढ्या माणसांत, अगदी मोठ्याने.

रकाना एकाच सहीपुरता होता. गेल्या वर्षी तिला तो पुरला होता. यंदा त्यात मुरलीधरजी आणि ती मुनिरक्याची मुलगी कुठे मावणार? उत्तराने पेनला टोपण लावलं आणि मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत पहिल्यांदाच मागे टेकून बसली. अण्णांना आज काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं, पण फोनची मात्र तिला वाट बघावीशी वाटत होती.