भावोजींकडे पाठ

“पाचवी पेनल्टी चिराग मारंल,” शुभम म्हणाला. रेवसच्या संघाच्या या कप्तानाने पाच जणांची नावं घेतली, त्यांत जीवनचं नाव नव्हतं. जीवनकडे न बघताच तो बाटलीतलं पाणी पीत राहिला.

नागावच्या किनाऱ्यावरची ही फुटबॉल स्पर्धा ओहोटीच्या वाळूत खेळली जाते. सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ कुठून आणणार? भरतीचं पाणी काही पंचाच्या शिट्टीला थांबत नाही. म्हणून सरळ पेनल्ट्या. त्यामुळे या भागात चांगले खेळाडू गावागणिक सापडतील, पण हमखास पेनल्टी मारणारा एखादाच. रेवसला तो जीवन होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, पस्तिशी ओलांडलेला, पोट जरा सुटलेला. धावण्यात पोरं त्याला केव्हाच मागे टाकत. पण पेनल्टीचा चेंडू त्याच्या हातात गेला की रेवसची माणसं निर्धास्तपणे शेंगदाण्याच्या पुड्या सोडत.

त्याची युक्ती म्हणाल तर अगदी साधी. चेंडू ठेवतानाच कोपरा ठरवायचा, गोलकीपरकडे पाठ करून मागे चालत जायचं, वळायचं आणि ठरवलंय तिथेच मारायचं. गोलकीपरचं तोंड बघत राहिलं की माणसाचं मन बदलतं आणि मन बदललं की पाय फसतो.

मागच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात गोलमध्ये नागावचा रतन उभा होता. रतन म्हणजे जीवनच्या थोरल्या बहिणीचा, प्राप्तीचा नवरा. घरच्या जावयाकडे साऱ्या गावासमोर पाठ कशी फिरवायची? जीवनला काही ते जमेना. ओशाळं हसत, रतनकडे तोंड करूनच तो मागे मागे सरकत गेला. रतन गालात हसला आणि थोडा डावीकडे झुकला. जीवनने ऐन वेळी कोपरा बदलला आणि चेंडू थेट सुरूच्या झाडांत जाऊन पडला.

“बहिनीला भाऊबीज घातली यानं,” शुभम तेव्हा सगळ्यांदेखत बोलला. असलं बोलणं पसरायला कितीसा वेळ लागतो? धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उतरवता उतरवता बायकाही तेच बोलू लागल्या. ते प्राप्तीच्या कानावर गेलं आणि दिवाळीत ती माहेरी आलीच नाही. “मी आले की परत तोच विषय निघंल. नको,” एवढंच ती फोनवर म्हणाली. पेनल्टी चुकल्याचं दुःख जीवनने कधीच पचवलं होतं. पण आपण मुद्दाम हरलो असं गावाने धरून चालावं आणि त्यापायी बहिणीची माहेरची वाट बंद व्हावी, हे त्याला फार लागलं होतं.

यंदाही अंतिम सामना त्याच दोन गावांचा होता. चार चार पेनल्ट्या झाल्या, तरी बरोबरीच. नागावच्या पाचव्याने चेंडू गोलवरून मारला. आता चिरागने गोल केला की चषक रेवसचा. चिराग मात्र वाळूत बसकण मारून बसला.

“मना न्हाय जमनार.”

कुणीच पुढे होईना. जीवनने पँटीला हात पुसले. “दे चेंडू इकडं.”

“समोर रतन हाय,” शुभम हळू आवाजात म्हणाला. “परत चुकलास त गावात तोंड दाखवता येनार न्हाय तुला.”

“म्हाईत हाय. तरी मीच मारतो.”

तो चेंडू घेऊन गेला. रतन हात पसरून रेषेवर उभा होता. “काय मेवणं, घरची सगली बरी हायत ना?” त्याने मिश्कीलपणे विचारलं.

“बरी हायत, भावोजी. बाकीचं मंग बोलू.”

जीवनने चेंडू ठेवला, डावा खालचा कोपरा मनात धरला आणि रतनकडे सरळ पाठ फिरवली. नागावच्या माणसांत कुजबुज झाली. गोलमागे सासूजवळ प्राप्ती उभी आहे, तिच्यादेखत आपण हे केलं, या विचाराने त्याचे कान तापले. पण तो चालत राहिला. मग वळला, धावला आणि ठरवलं होतं तिथेच मारलं.

रतनने नेमकी त्याच बाजूला झेप घेतली. त्याची बोटं चेंडूला लागलीसुद्धा. तरी चेंडू बोटं आणि खांब यांच्यामधून आत गेला. रतनने जीव तोडून उडी मारली होती आणि जीवननेही हातचं राखलं नव्हतं, हे दोन्ही गावांनी पाहिलं.

तोंडातली वाळू थुंकत रतन उठला. “यंदा काय हसून फसवता आला न्हाय तुला,” म्हणत त्याने जीवनला मिठी मारली.

चषक घेऊन रेवसला जाणारा टेम्पो सुटायच्या बेतात होता, तेवढ्यात प्राप्ती पिशवी घेऊन भराभर आली. “थांबा जरा. चार दिवस आयशीकडं येतंय मी.”

जीवनने तिच्या हातातली पिशवी घेतली. पुढे ड्रायव्हरशेजारी शुभम बसला होता. तो खाली उतरला, सीटवरची वाळू हाताने झटकली आणि मागे पोरांमध्ये जाऊन उभा राहिला.