उताराच्या दिशेनं

माझे बाबा, गोपीचंद, एकोडीकडच्या आमच्या गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, हे तेच ठरवायचे. नको तो शहाणपणा मला सुचला. तलाव कधी पाळीवरून, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधावरून, वाहील हे आधीच सांगणारा प्रोग्राम मी लिहिला आणि गावभर मिरवला.

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली. साकोलीच्या माझ्या खोलीत पावसाचे आकडे भरून मी दुपारी बाराला प्रोग्राम चालू केला. एरवी उत्तर दोन मिनिटांत यायचं. पण आदल्याच आठवड्यात मी त्यात सगळ्या पाणलोटाचा मोठा नकाशा घातला होता.

एक वाजता बाबांचा फोन आला. "कामिनी, पाणी पाळीच्या काठाले लागून राहिलं. सांडवा फोडू काय?"

जास्त पाणी अडावं म्हणून लोकांनी सांडव्यावर माती टाकली होती. ती फोडली की तलाव वाचणार, पण खालचं निसवलेलं, लोंब्या धरलेलं धान जाणार.

"अंदाजानं काही करू नका, बाबा," मी चिडून म्हणाले. "थांबा. आकडा येऊनच राहिला."

माझ्या शब्दावर ते पाळीवर थांबले. दोन वाजता पाळ फुटली आणि बाबांना घेऊन गेली. उत्तर साडेतीनला आलं: पाळीला धोका, दुपारी दोन.

तेरवी झाल्यावर घरी बसून मी प्रोग्राम मेमरीत कुठे कुठे जातो ते तपासलं. नकाशातले उंचीचे आकडे मेमरीत आडव्या ओळींनी ठेवलेले. एक आकडा मागितला की प्रोसेसर शेजारचे पंधरा सोबत आणतो आणि कॅशमध्ये, म्हणजे अगदी हाताशी, ठेवतो. मी मात्र उभी उतरत होते, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, बाबा पाणी सोडायचे तशी. एक वापरायचा, पंधरा वाया, की पुन्हा लांबच्या मेमरीत हेलपाटा. छोटा नकाशा पूर्ण कॅशमध्ये मावायचा, म्हणून ही खोड कधी दिसलीच नाही. मी प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे तो नकाशा आडवा वाचू लागला. बारा मिनिटांत उत्तर आलं. स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

तेवढ्यात माय दारात आली. "त्या दिवशी तुह्या बाबानं तुले फोन केला होता ना? काय म्हणे?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं.

"जेवली काय, म्हणे."

माय पदर तोंडाला लावून रडली. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते, जाता जाता पोरीची भूक विचारून गेला म्हणून, आणि मी शेजारी बसून मान हलवते.